सूत्राआधी बेरीज शिकवा

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पाठ्यपुस्तकं बदलत आहेत आणि अकरावी-बारावीच्या गणितात काय ठेवायचं, काय गाळायचं हा वाद पुन्हा सुरू झाला आहे. त्यात २०२२ची एक कात्री विसरता कामा नये. अभ्यासक्रम हलका करताना एनसीईआरटीने बारावीच्या इंटिग्रेशनमधून, म्हणजे संकलनातून, नेमका तो भाग काढला, ज्यात निश्चित संकलन ही बेरजेची सीमा असते हे मुलांना करून दाखवलं जाई. सूत्रं बहुतेक राहिली. ओझं कमी करायचंच होतं, तर ही निवड उलटी झाली.

आज क्लासमधला विद्यार्थी गुणाकाराच्या संकलनाचा ‘लिएट’ नियम घडाघडा म्हणतो, ‘प्लस सी’ विसरत नाही. पण हे सगळं मोजतं काय, असं विचारलं की गप्प होतो.

खरं तर उत्तर पावसाळ्यात रोजच्या बातमीत असतं. समजा, खडकवासल्यातून मुठेत चार तास ५,००० क्युसेक, पुढचे चार तास १२,००० आणि नंतरचे चार तास ८,००० क्युसेक विसर्ग झाला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. चार तासांचे १४,४०० सेकंद. प्रत्येक टप्प्याचा गुणाकार करून बेरीज घेतली की ३६ कोटी घनफूट, म्हणजे ०.३६ टीएमसी पाणी गेलं. विसर्ग टप्प्यांनी न बदलता क्षणाक्षणाला बदलत असेल तर टप्पे बारीक करत जायचे. इंटिग्रेशन ते हेच.

मग आलेखाचा कागद. ‘वाय बरोबर एक्सचा वर्ग’ हा वक्र शून्य ते एक काढून खाली दहा पट्ट्या पाडल्या, तर वक्राच्या आत मावणाऱ्या पट्ट्यांची बेरीज ०.२८५ येते, बाहेर डोकावणाऱ्यांची ०.३८५. शंभर पट्ट्या केल्या की ०.३२८३५ आणि ०.३३८३५. एक तृतीयांश दोन्हीकडून कोंडीत सापडतो, आणि तो मुलांनी स्वतः पकडलेला असतो.

हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्यांनी गोलाचं पृष्ठफळ काढताना आवळ्यावर असतात तशा उभ्या रेघा गोलावर कल्पिल्या. परीघ ९६ धरला आणि या रेघांमधल्या फाकीही ९६ केल्या. म्हणजे मधोमध प्रत्येक फाकीची रुंदी एक. वर-खाली ती निमुळती होत जाते. तिचे आडवे तुकडे पाडून, ‘ज्यां’च्या, म्हणजे साइनच्या, कोष्टकावरून त्यांची रुंदी घेऊन त्यांनी बेरीज केली. एका फाकीचं क्षेत्रफळ सुमारे ३०.५५ आलं, म्हणजे गोलाच्या व्यासाइतकं! अशा ९६ फाकी, म्हणून पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास. सीमेची आजची कल्पना त्यात नाही. पण तुकडे पाडून जोडण्याची दृष्टी पुरेपूर आहे. चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. त्याच महाराष्ट्रात हे उदाहरण वर्गात क्वचितच ऐकू येतं.

आधी विकलन (डिफरन्सिएशन), मग त्याची उलटी क्रिया म्हणून संकलन, हा क्रमही अटळ नाही. टॉम अपोस्टल यांचं कॅल्क्युलसचं गाजलेलं पाठ्यपुस्तक संकलनापासूनच सुरू होतं. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावीत वर्गांच्या बेरजेचं सूत्र आहेच. पट्ट्यांच्या हिशेबाला तेवढंच लागतं. बारावीची वाट न पाहता तिथेच दोन तासिका काढून आलेखाचे कागद वाटता येतील.