पेटीतले पिवळे कार्ड आणि दवाखान्याचे बिल

गेल्या आंबिया बहाराच्या तोडीत आमच्या वस्तीतल्या एका मजुराच्या छातीत भर दुपारी कळ आली. बागेतूनच त्याला गाडीत घातले आणि महामार्गाने थेट नागपूर गाठले. जो मोठा दवाखाना आधी दिसला, तेथे नेले. डॉक्टरांनी जीव वाचवला, हे आधीच सांगतो. तक्रार डॉक्टरांबद्दल नाही. परंतु हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून चार दिवसांनी घरी निघताना बिल झाले १ लाख ९० हजार. बायकोच्या गळ्यातले गेले, बचत गटाचे कर्ज उचलले, राहिलेले पैसे बागवानाकडून उचल म्हणून घेतले. ती उचल अजून फिटलेली नाही.

पुढे आम्ही भेटीला गेलो. कागद शोधताना लोखंडी पेटीतून पिवळे रेशनकार्ड निघाले. याच कार्डावर, नागपुरातल्याच योजनेत असलेल्या दुसऱ्या खासगी दवाखान्यात, हेच काम बिल न भरता होऊ शकले असते. आम्ही हे सांगितले तेव्हा त्याची बायको म्हणाली, "भाऊ, हे तं धान्याचं कार्ड हाय. दवाखान्यात कायले चालते?" आम्हाला खाली पाहावे लागले, कारण शेजारी राहून आम्हीही तिला हे कधी सांगितले नव्हते.

तर वाचक बंधू-भगिनींनो, विम्याचा हप्ता भरण्याआधी घरातली पेटी उघडा. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती सर्व जिल्ह्यांत आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. आता दोन्ही एकत्र चालतात. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पिवळे, केशरी, पांढरे असा रेशनकार्डाच्या रंगाचा भेद राहिलेला नाही. ज्यांचे वय ७० किंवा त्याहून जास्त आहे त्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही.

मात्र ही योजना म्हणजे सगळ्या दवाखान्यांची किल्ली नव्हे. दवाखाना योजनेच्या यादीत असला पाहिजे आणि आजार किंवा शस्त्रक्रियाही यादीत असली पाहिजे. साधा ताप, खोकला, बाहेरून आणलेल्या गोळ्या यात येत नाहीत. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवल्या आहेत. म्हणून गाडी निघण्याआधी एक फोन करावा: १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. कोणता दवाखाना यादीत आहे ते तेथे सांगतात. दवाखान्यात पोचल्यावर पैशाच्या खिडकीकडे न जाता आधी आरोग्यमित्राचे टेबल शोधावे. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. कार्ड आणि आधार यांची झेरॉक्स घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाच्या खिशात असावी, असे आम्ही आता वस्तीत सांगत फिरतो. लोक हसतात. हसू द्या.

एक गैरसमज येथेच दूर करतो. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात, म्हणजे आपला दवाखान्याचा विमा झाला, असे पुष्कळांना वाटते. तो अपघाताचा विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर पैसे मिळतात; दवाखान्याचे बिल त्यातून भरले जात नाही. २० रुपये जरूर भरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आपली जी मुले बुटीबोरीच्या कारखान्यांत जातात, त्यांनी पगाराची पावती नीट वाचावी. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यास राज्य कामगार विमा लागू होतो. कामगाराचा पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. १५ हजार पगारावर कामगाराचे सुमारे ११३ रुपये जातात आणि त्यात कुटुंबाचाही उपचार होतो. बाजारात एवढ्या पैशात असा विमा कोणी देणार नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली दिला आणि १९४८ साली कायदा झाला. ठेकेदार पैसे कापून घेतो पण विम्याचा नंबर देत नाही, अशी मुले आमच्याकडे येतात. नंबर मागून घ्या. नंबर नसेल तर कापलेले पैसे गेले कोठे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता विकतचा विमा. येथे आमचीच फजिती सांगतो. आम्ही बी.कॉम. झालेले, आयुष्य कागदांत गेलेले. तरी आईची पॉलिसी काढताना कोऱ्या अर्जावर सही केली. एजंट म्हणाला, "साखरेच्या गोळ्यांचं लिहू नका, उगाच हप्ता वाढेल." पुढे आई दाखल झाली, कंपनीने जुने कागद मागवले, मधुमेह लपवला म्हणून दावा नामंजूर झाला. एजंटने फोन उचलणे बंद केले. कंपनीला काय बोल लावणार? सही आमची होती.

म्हणून अर्ज स्वतः भरा. बीपी, साखर, दमा, जुने ऑपरेशन, जे असेल ते लिहा. आधीच्या आजारासाठी फार तर तीन वर्षे थांबावे लागते. २०२४ पासून याहून जास्त मुदत कंपनीला ठेवता येत नाही. लपवले तर हप्तेही जातात आणि दावाही.

कमी खर्चात घ्यायचाच असेल तर आरोग्य संजीवनी या नावाची पॉलिसी आधी पाहावी. १ एप्रिल २०२० पासून ती निरनिराळ्या कंपन्यांकडे एकाच अटींची मिळते, म्हणून फक्त हप्ता आणि दवाखान्यांची यादी ताडून पाहिली की झाले. मान्य खर्चाचे पाच टक्के आपण भरायचे असतात. खोलीच्या भाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या दोन टक्के आहे, आणि फसगत येथेच होते. १ लाखाचा विमा असेल तर रोजचे २ हजार. तुम्ही ४ हजारांची खोली घेतली, तर फक्त वरचे २ हजारच कापले जात नाहीत. औषधे सोडून डॉक्टरांची फी वगैरे बाकी खर्चही निम्माच मंजूर होतो. तेव्हा स्वतंत्र खोलीचा मोह सोडून जनरल वॉर्ड घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. कोणी तो वेगळा मागितला तर पावती मागा.

ज्यांचे हप्ते भरताना घरखर्च अडतो, त्यांनी विकतच्या विम्याच्या मागे लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कार्ड नीट करून घ्यावे आणि जे हप्त्याला जाणार होते ते पोस्टात टाकावे. ज्या घरात महिन्याचा पगार आहे आणि आईबाप उतारवयाचे आहेत, त्यांनी विचार करावा.

आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकात जवळच्या खेड्यांसाठी विमा चालवला होता, हे थोड्यांना ठाऊक असेल. डॉ. उल्हास जाजू यांचे त्यात नाव घेतले जाते. कापणीनंतर लोक हप्ता ज्वारीने देत. जमीनवाल्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. एकेका घराचा नव्हे तर गावाचा विमा असे, आणि गावातली बहुतेक घरे आली तरच तो चाले. अचानकच्या आजारात दाखल झालेल्याला त्याचा आधार मिळे. एजंट नव्हता आणि बारीक अक्षरातल्या अटीही नव्हत्या.

आम्ही चार-पाच जण सध्या रविवारी विहाराच्या ओट्यावर बसून घरोघरची कार्डे तपासतो. सर्वांत जास्त अडचण नावांची. मागच्या रविवारी ७४ वर्षांच्या एक आजी आल्या. रेशनकार्डावर नाव सासरचे, आधारवर माहेरचे, आणि जन्मवर्ष दोन्हीकडे वेगळे. आधारची दुरुस्ती झाली आहे. तहसीलमध्ये दोन खेपा झाल्या, तिसरी येत्या मंगळवारी आहे. भाड्याचे पैसे आजी पदराच्या गाठीत बांधून तयार आहेत.