तंत्रज्ञाची वाट संगणक आखेल. शेवटच्या गावाचे काय?

नांदेड/लातूर : रब्बी हंगामात हरभऱ्याला पाणी देण्याच्या वेळी पंप बंद पडला, की शेतकऱ्याचे डोळे रस्त्याकडे लागतात. तक्रार मोबाइलवरून काही मिनिटांत नोंदविली जाते. दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ मात्र कधी त्याच दुपारी, तर कधी तिसऱ्या दिवशी पोहोचतो. प्रत्यक्ष दुरुस्ती अनेकदा अर्ध्या तासाची असते. दिवस जातो तो प्रवासात. आधी कोणाकडे जायचे, कोणत्या रस्त्याने जायचे आणि सोबत कोणते सुटे भाग घ्यायचे, हे ठरविण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने करता येते. नांदेड व लातूर जिल्ह्यांत हे तंत्र कोठे उपयोगी पडेल आणि कोठे फसेल, याचा हा आढावा.

काम विखुरलेले

नांदेड जिल्ह्यात १६, तर लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत. महावितरणची या दोन्ही शहरांत स्वतंत्र परिमंडळ कार्यालये आहेत. नांदेड परिमंडळात परभणी व हिंगोली, तर लातूर परिमंडळात बीड व धाराशिव हे जिल्हेही मोडतात. वीजवाहिन्यांची दुरुस्ती, मोबाइल मनोरे, बँकांची एटीएम यंत्रे अशी गावोगाव फिरून करावयाची कामे पूर्वीपासून होतीच. त्यांत आता सौर कृषिपंपांची भर पडली आहे. २०१९ मधील केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ मधील राज्याची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना यांमुळे हे पंप शिवारात दूरवर पोहोचले. त्यांच्या देखभालीची जबाबदारी पाच वर्षे पुरवठादार कंपनीवर असते. म्हणजे पंप बसविला की काम संपत नाही, खरे काम तेथून सुरू होते.

गणित जुने, साधन नवे

एका तंत्रज्ञाकडे दिवसाला आठ तक्रारी असतील, तर त्या ४०,३२० वेगवेगळ्या क्रमांनी हाताळता येतात. दहा तक्रारी झाल्या, की ही संख्या ३६ लाख २८ हजार ८०० होते आणि बारा झाल्या, की ४७ कोटींच्या पुढे जाते. त्यात चार-पाच तंत्रज्ञ असतील, तर कोणते काम कोणाला द्यायचे हा आणखी एक गुंता. जॉर्ज डँटझिग आणि जॉन रॅमसर या गणितज्ञांनी १९५९ मध्ये हाच प्रश्न मांडला होता. पेट्रोलचे टँकर वेगवेगळ्या पंपांवर कमीत कमी अंतर कापून कसे पाठवावेत, हा त्यांचा विषय होता.

संगणक हे सर्व क्रम एकेक करून तपासत नाही. तो प्रथम एक बरा मार्ग आखतो, नंतर त्यातील दोन गावांची अदलाबदल करून पाहतो आणि सुधारणा झाली तर ती ठेवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाटा याच्या जोडीने येतो. जुन्या नोंदींवरून कोणत्या बिघाडाला किती वेळ लागेल, याचा ती अंदाज बांधते. 'मोटार फिरते, पण पाणी येत नाही' अशा मराठीत लिहिलेल्या तक्रारीवरून संभाव्य दोष सुचविते आणि कोणता सुटा भाग सोबत घ्यावा हेही सांगते. सुट्या भागासाठी माघारी यावे लागले, तर मार्ग कितीही जवळचा निवडलेला असो, फेरी वायाच जाते.

जवळचा मार्ग सोयीचा असेलच असे नाही

उदाहरणादाखल लातूरहून निघालेल्या तंत्रज्ञाला औसा, निलंगा, देवणी, उदगीर आणि चाकूर या पाच तालुक्यांत प्रत्येकी एक काम आहे, असे समजू. नकाशावर याच क्रमाने एक चांगले वर्तुळ पूर्ण होते. परंतु चाकूरचे काम सौरपंपाचे असेल, तर तेथे शेवटी पोहोचून उपयोग नाही. सौरपंप दुरुस्त झाला की नाही, हे उन्हातच तपासता येते आणि हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो. मग हेच वर्तुळ उलटे फिरावे लागते. किलोमीटर तेवढेच राहतात. मात्र दुसऱ्या दिवशीची फेरी वाचते. विजेवरच्या पंपाचीही तीच गत. शेतीच्या वाहिनीला वीज असेल, त्याच वेळी तंत्रज्ञ पोहोचला पाहिजे. अशा अटी संगणकाला आधी सांगाव्या लागतात. त्या त्याला आपोआप उमगत नाहीत.

नकाशाला न दिसणारे

खरी अडचण पत्त्यापासून सुरू होते. शेताला घर क्रमांक नसतो, गट क्रमांक असतो. सावरगाव, पिंपळगाव, वडगाव ही नावे तर अनेक तालुक्यांत सापडतात. तक्रारीत तालुका नोंदविताना चूक झाली, तर तंत्रज्ञ भलत्याच दिशेला जातो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावरून मोटारसायकल नेता येत नाही, हेही नकाशा सांगत नाही. नांदेड-लातूर मार्गावरील माळेगावची यात्रा भरली किंवा नांदेडमध्ये गुरुद्वाराची मिरवणूक निघाली, की नेहमीचा हिशेब कोलमडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टीने मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ ही गावे पाण्याने वेढली गेली. अशा दिवशी जुन्या नोंदींवरून बांधलेला अंदाज कामाचा नसतो. स्थानिक तंत्रज्ञाचा एक फोन अधिक मोलाचा ठरतो.

सरासरीच्या आड लपलेली प्रतीक्षा

याहून गंभीर प्रश्न न्यायाचा आहे. नांदेडहून माहूर शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथील एका तक्रारीसाठी जवळजवळ अख्खा दिवस जातो. तेवढ्या वेळात शहरालगतच्या चार-पाच तक्रारी निकाली निघतात. संगणकाला केवळ इंधन वाचविण्याचे किंवा अधिकाधिक तक्रारी सोडविण्याचे उद्दिष्ट दिले, तर तो रोज शहरालगतचीच कामे निवडील. त्या त्या दिवशी हा निर्णय बरोबरच दिसेल. आठवडा उलटला तरी माहूरची तक्रार मात्र तशीच असेल.

अहवालात हे उमटतही नाही. दहापैकी नऊ तक्रारी पहिल्याच दिवशी आणि दहावी अकराव्या दिवशी सुटली, तरी सरासरी दोनच दिवस येते. म्हणून सरासरीसोबत सर्वांत लांबलेली तक्रारही मोजली पाहिजे. तक्रार जितकी जुनी, तितके तिचे वजन वाढत जावे, अशी अट घालता येते. किनवट-माहूर भागासाठी आठवड्याचे ठरावीक दिवस राखून ठेवणे किंवा किनवटमध्येच तंत्रज्ञ नेमणे, हेही उपाय आहेत. मात्र कोणता उपाय योजायचा, हे यंत्राने नव्हे, व्यवस्थापनाने ठरवायचे असते.

तंत्रज्ञाचा शब्द

आखलेला मार्ग बदलण्याची मुभा तंत्रज्ञाला हवी आणि बदलाचे कारण नोंदविण्याची सोयही हवी. 'पुलावर पाणी आहे', 'शेतमालक बाजाराला गेला आहे' अशा नोंदी साठत गेल्या, तरच पुढचे नियोजन सुधारते. मार्ग मोडला म्हणून दंड होऊ लागला, तर कारणे खोटी लिहिली जातील. तंत्रज्ञाचे ठिकाण मोबाइलवरून कळत राहते, तेव्हा ही नोंद कामाच्या वेळेपुरतीच ठेवणे आवश्यक आहे. अशा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला आहे.

तीन-चार तंत्रज्ञ असलेल्या छोट्या संस्थेला सुरुवातीलाच महागडी प्रणाली घेण्याची गरज नाही. पंप बसवितानाच त्याचे अचूक ठिकाण मोबाइलवर नोंदवावे, प्रत्येक दुरुस्तीला लागलेला वेळ आणि वापरलेला सुटा भाग लिहून ठेवावा, एवढी शिस्त प्रथम पुरेशी आहे. अशा नोंदी असल्या, तर संगणकाचा सल्ला उपयोगी पडतो. त्या नसल्या, तर तो चुकीच्या गावाला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता तेवढा दाखवील.