मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

परदेशी शिक्षणाच्या शिबिरांत आम्ही अर्ज, शिष्यवृत्ती आणि व्हिसा यांवर बोलतो. विमानप्रवासाचा विषय मात्र राहून जातो. घरातली पहिलीच व्यक्ती विमानात बसणार असेल, तर विचारायचे कुणाला? आमच्या ओळखीच्या एका मुलीच्या तिकिटावर २० ऑगस्ट, रात्री २ वाजता अशी वेळ होती. घरच्यांनी निरोपाचे जेवण २० तारखेच्या संध्याकाळी ठेवले होते. रात्रीचे २ म्हणजे विमानतळावर १९ तारखेलाच रात्री अकरापर्यंत पोहोचायचे, हे वेळेत लक्षात आले म्हणून निभावले.

आता अंतर पाहू. मुंबई-न्यूयॉर्क सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात ही वाट आफ्रिका आणि अटलांटिकवरून सरळ पश्चिमेला जाते असे वाटते. पण पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो मध्य आशिया, रशिया, उत्तर युरोप आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. प्रत्यक्षात वारा आणि बंद हवाई हद्दी पाहून विमाने ही वाट बदलतात.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर चौदा तासांचे आहे. मात्र उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे जाताना थेट विमानाला साधारण पंधरा-सोळा तास लागतात आणि परतताना वेळ वाचतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. ऑगस्टमध्ये रात्री २ ला सुटून त्याच दिवशी सकाळी ८ ला पोहोचणारे विमान सहा तासांत जात नाही. सहात साडेनऊ मिळवा. खरा प्रवास साडेपंधरा तासांचा.

थेट तिकीट महाग पडले तर अनेक जण दुबईमार्गे जातात. अंतर जेमतेम चार-पाचशे किलोमीटरने वाढते, पण मध्ये चार तास थांबावे लागले तर एकूण प्रवास एकवीस-बावीस तासांवर जातो. अशा वेळी दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडू शकतात. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही आधी तपासावे.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले, ते बोटीने. तेव्हा या प्रवासाला कित्येक आठवडे लागत. आज तो एका दिवसात होतो. पण तिकीट नीट वाचता आले नाही, तर मोठ्या कष्टाने मिळवलेला प्रवेश धोक्यात येतो. म्हणून कार्यकर्त्यांनी पुढच्या शिबिरात अर्धा तास यासाठी ठेवावा. एक तिकीट फळ्यावर लिहून मुलांकडून, आणि त्यांच्या आईवडिलांकडूनही, वाचून घ्यावे.