पंचांसमक्ष

तीसेक वर्षांपूर्वी मी एका पंचनाम्यावर न वाचता सही केली. तेव्हा मी बीबीजवळच्या एका खेड्यात शिक्षक होतो. बीबी म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. जिल्ह्यातल्याच एका ठाण्यात (कुठल्या, ते सांगत नाही) काही कामासाठी गेलो होतो. व्हरांड्यात विहिरीवरची पाण्याची मोटर ठेवलेली होती. "गुरुजी, जरा इथं सही करा," जमादार म्हणाले. कार्बन घालून लिहिलेले कागद तयार होते. चहा आला. मी सही केली.

आरोपीने माझ्यासमक्ष निवेदन केलं आणि कडब्याच्या गंजीतून मोटर काढून दिली, असं त्या कागदांत होतं. ती गंजी मी आजतागायत पाहिलेली नाही.

दीडेक वर्षाने समन्स आलं. कोर्टात मी खरं ते सांगितलं. मला फितूर ठरवण्यात आलं आणि आरोपी सुटला. तोवर तो चार महिने तुरुंगात काढून आला होता. बाहेर त्याची आई म्हणाली, "गुरुजी, तुमी पाह्यलंच नोतं, त मंग सही कायले केली?" मोटरीचा मालक तिथेच उभा होता. तो माझ्याशी बोललाही नाही. चोर तोच होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. निवृत्तीनंतर मी कायद्याची पुस्तकं चाळू लागलो, ती त्या बाईला द्यायच्या उत्तरासाठी.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, मूळ इंग्रजी कायद्यात 'पंच' हा शब्दच नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 मध्ये (1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 103) त्या परिसरातले दोन किंवा अधिक 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी' म्हटलं आहे. झडती त्यांच्यासमोर व्हावी, सापडलेल्या वस्तूंची यादी व्हावी, त्यावर त्यांनी सही करावी. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावं आणि यादीची प्रत द्यावी. म्हणजे मला ठाण्यात बोलावलं गेलं ते सहीसाठी, पण कायद्याला हवे होते माझे डोळे.

हे डोळे इतके का लागतात? अमेरिकेच्या राज्यघटनेत झडतीविरुद्ध स्वतंत्र तरतूद आहे, आणि 1961 च्या मॅप खटल्यापासून तिथल्या राज्यांच्या न्यायालयांतही बेकायदा झडतीतला पुरावा बाद होतो. आपल्या घटनेत तसं कलम नाही. 1954 मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं होतं. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला खरा, पण 1973 च्या पूरणमल खटल्यातला नियम अजून चालतो : झडतीत दोष असला, तरी तेवढ्यावरून सापडलेली वस्तू पुराव्यातून बाद होत नाही. मग दोष पकडायचा कुणी? तिथे हजर असलेल्या माणसाने. तो हजर नसेल, तर कुणीच नाही.

चौकशीचंही असंच. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही, आणि घटनेचं कलम 20(3) कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू देत नाही. पण 1872 च्या पुरावा कायद्यातल्या कलम 27 ने एक खिडकी ठेवली, ती आता साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. कोठडीतला आरोपी बोलला आणि त्यातून एखादी वस्तू मिळाली, तर त्या वस्तूशी थेट जोडलेलं बोलणं चालतं. माझी मोटर याच खिडकीतून आली होती. त्या कागदातलं वाक्य मला अजून आठवतं : 'मी स्वखुशीने निवेदन करतो की'. आमच्याकडचा मजूर असं बोलतो? तो फार तर "चाला, दाखोतो" म्हणेल. 2022 मध्ये रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, पंचांना आधी ठाण्यात बोलवावं आणि आरोपीचं निवेदन त्यांच्यासमोर, त्याच्याच शब्दांत लिहावं. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

अटकेच्या कागदावरही हाच शेजारी हवा असतो. डी. के. बसू खटल्यात 18 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयाने अटकेचा पंचनामा सक्तीचा केला. त्यावर वेळ आणि तारीख हवी, घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची सही हवी. घटनेच्या कलम 22 प्रमाणे अटकेची कारणं सांगावी लागतात आणि, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. आमच्याकडे 'अटक झाली' असं कुणी म्हणत नाही, 'नेलं' म्हणतात. नेलं आणि अटक यांत जे तास जातात, ते मोजायचे तर त्या सहीशेजारची वेळ खरी असावी लागते.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला एक चांगली गोष्ट दिली, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तिथल्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, तीच याचिका झाली. 15 फेब्रुवारी 1983 च्या आदेशात इतर सूचनांबरोबर हेही होतं : अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत चिकटवावेत, आणि ठाण्यात आणताच त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावेत. वाचून दाखवावेत, हे मला विशेष वाटतं. ज्या मुलाला मी चार महिने तुरुंगात पाठवायला मदत केली, त्याला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीत एका घराची झडती झाली आणि पंच म्हणून मला हाक आली. नव्या संहितेच्या कलम 105 मुळे एक शिपाई मोबाइलवर चित्रण करत होता. मी चष्मा घेऊन गेलो आणि पाऊण तास उभा राहिलो. कागद पुढे आला तेव्हा वाचायला बसलो. फौजदार जरा चुळबुळले, पण काही बोलले नाहीत. यादीत दोन पोती लिहिली होती, निघालं होतं एकच. तसं सांगितलं. त्यांनी 'दोन' वर काट मारून 'एक' लिहिलं, बाजूला माझी आद्याक्षरं घेतली, आणि घरातल्या बाईच्या हातात प्रत दिली.