स्तन्य, विषाणू आणि बालपोषण : पुणे येथील संशोधनाचा विचार

एच.आय.व्ही.-बाधित मातेने आपल्या नवजात बालकास अंगावर पाजावे किंवा कसे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ संसर्गाचा वाटतो. मातेच्या दुधातून विषाणू संक्रमित होतो हे सिद्ध झाल्यावर ते दूध वर्ज्य करावे, इतके सरळ उत्तर सुचणे स्वाभाविक होते. आणि संपन्न देशांनी ते स्वीकारलेही. परंतु जेथे अतिसार व कुपोषण यांनीच पहिल्या वर्षातील बालके दगावतात, तेथे मातेचे दूध हे अन्नही असते व औषधही. ते तोडल्याने विषाणूपासून वाचलेले मूल दुसऱ्या वाटेने मृत्यूच्या हाती लागण्याचा संभव असतो. या पेचाचा उलगडा आफ्रिकेतील आणि पुण्यातील संशोधनाने कसा होत गेला, हे पाहणे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकास उद्बोधक ठरेल.

प्रथम संक्रमणाचे प्रमाण ध्यानात घेतले पाहिजे. कोणताही उपचार न केल्यास बाधित मातेकडून बालकास संसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ इतके असते. त्यातील काही भाग गर्भावस्थेत, बराचसा प्रसूतिसमयी आणि उरलेला, म्हणजे शेकडा ५ ते २०, स्तन्यपानाच्या काळात घडतो. १९९९ मध्ये युगांडातील कम्पाला येथील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रसूतिवेदना सुरू होताच मातेस आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बालकास नेव्हिरापिन या औषधाची एकेक मात्रा दिली असता संक्रमण जवळजवळ निम्म्याने घटते, असे त्यात दिसून आले. औषध स्वस्त, देण्यास सोपे. त्यामुळे गरीब देशांत मोठी आशा निर्माण झाली. तथापि प्रसूतीच्या वेळी वाचविलेले मूल पुढे महिनोन्महिने त्याच मातेचे दूध पिणार, ही अडचण शिल्लकच राहिली.

नैरोबी येथील प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले, एका गटातील बालकांना स्तन्य व दुसऱ्यातील बालकांना दुधाची भुकटी देण्यात आली. दोन वर्षांच्या अखेरीस स्तन्यावरील बालकांत संसर्गाचे प्रमाण शेकडा ३६.७, तर भुकटीवरील बालकांत २०.५ भरले. मात्र एकूण मृत्यूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय अंतर पडले नाही. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या प्रयोगात घेतलेल्या मातांना नगरपालिकेचे शुद्ध केलेले पाणी उपलब्ध होते. ज्या घरी असे पाणी नाही, त्या घराला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे हा तर्कदोष ठरेल.

या दोषाचे प्रत्यंतर पुण्यातच आले. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालय येथे डॉ. मृदुला फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० व २००१ या वर्षांत बाधित मातांच्या बालकांचा पाठपुरावा केला; त्याचा वृत्तान्त २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण १४८ बालकांपैकी ६२ स्तन्यावर व ८६ वरच्या दुधावर होती. वरच्या दुधावरील बालकांना पहिल्या सहा महिन्यांत रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण लक्षणीय अधिक आढळले. कारणांत अतिसार अग्रस्थानी होता, त्याखालोखाल फुप्फुसदाह. पुणे हे काही दुर्गम ठिकाण नव्हे. मातांना समुपदेशन मिळत होते, मोठे रुग्णालय जवळ होते. तरीही असे घडले, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

त्या काळी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा होता की, वरचे दूध स्वीकारार्ह, शक्य, परवडणारे, सातत्याने मिळणारे आणि सुरक्षित असेल तरच स्तन्य टाळावे. या पाच अटी कागदावर निर्दोष दिसतात. त्यांची कसोटी पाहण्यासाठी मावळातील वडिवळे या गावासारखे एखादे गाव डोळ्यांपुढे आणावे. इंद्रायणीची उपनदी कुंडली हिच्यावरील धरणामुळे या गावाचे नाव परिचित आहे. रेल्वेचे जवळचे स्थानक कामशेत. तेथून लोणावळा-पुणे लोकलने पुणे स्थानक गाठावे, की ससून रुग्णालय हाकेच्या अंतरावर. म्हणजे हे गाव उपचारापासून फार दूर आहे असे म्हणता येत नाही. परंतु अटी पाळावयाच्या असतात त्या घरात, रुग्णालयात नव्हे. पाच किलो वजनाच्या बालकास दिवसाकाठी सुमारे पाऊण लीटर दूध लागते, तेही सात-आठ वेळा. प्रत्येक वेळी पाणी उकळावयाचे, वाटी-चमचा उकळून घ्यावयाचा, उरलेले दूध टाकून द्यावयाचे. मावळातील धो धो पावसाच्या आषाढ-श्रावणात, जळण ओले असताना, भातलावणीसाठी घरातील सर्व हात खाचरात गुंतलेले असताना, रात्री दोन वाजता हे सर्व कोणी करावे? धरण जवळ असले म्हणजे पिण्याचे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. भुकटी महाग पडली की ती पातळ होते. पातळ दुधाने मूल शांत होते, पण वाढत नाही.

यापेक्षाही अवघड अट 'स्वीकारार्ह' ही होय. ज्या घरात प्रत्येक बाळंतीण मुलास अंगावर पाजते, तेथे न पाजणारी सून प्रश्नांना पात्र ठरते. सासूने, नणंदेने, शेजारणीने विचारलेल्या त्या एका साध्या प्रश्नातून तिचा आजार चव्हाट्यावर येऊ शकतो. म्हणून कित्येक माता लोकांदेखत पाजतात व एरवी वरचे दूध देतात. आणि नेमके हेच सर्वांत घातक ठरते. डर्बन येथील १९९९ च्या अभ्यासात तीन महिन्यांच्या वयापर्यंत केवळ स्तन्यावर असलेल्या बालकांत संसर्ग शेकडा १४.६ होता, तर स्तन्याबरोबर अन्य काही दिलेल्या बालकांत तो २४.१ होता. परक्या अन्नाने व त्यातील जंतूंनी आतड्याच्या कोवळ्या अस्तरास इजा होते व विषाणूस शिरकाव मिळतो, अशी याची उपपत्ती सांगितली जाते. महाराष्ट्रात या संमिश्र पोषणास स्वतंत्र योजना करावी लागत नाही. मध, गूळपाणी, बाळगुटी, पाणी घातलेले गाईचे किंवा शेळीचे दूध या रूपांनी ते परंपरेनेच चालत आलेले आहे. सहाणेवर उगाळलेली गुटी कोणी 'अन्न' म्हणून मोजत नाही. त्यामुळे 'बाळाला दुसरे काही देता का?' या प्रश्नास 'नाही' हे उत्तर प्रामाणिकपणे येते, आणि प्रश्नावली फसते. क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने गुटीविषयी नाव घेऊन विचारावे हे बरे.

मग मधला मार्ग म्हणून पाजणे लवकर थांबवावे काय? झांबियातील लुसाका येथे ९५८ मातांवर हा प्रयोग झाला. चौथ्या महिन्यात एकाएकी दूध तोडलेल्या गटास दोन वर्षांअखेर कोणताही लाभ झाला नाही. उलट, आधीच बाधित झालेल्या बालकांपैकी ज्यांचे दूध तोडले त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. बोट्स्वानात बाराशे मातांच्या प्रयोगात भुकटीवरील बालकांत सातव्या महिन्यापर्यंत संसर्ग कमी (५.६ विरुद्ध ९.०) पण मृत्यू जास्त (९.३ विरुद्ध ४.९) असे शेकडा प्रमाण आढळले. अठराव्या महिन्यात, बाधित किंवा मृत अशा बालकांची बेरीज दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच झाली. तेव्हापासून संशोधकांनी मोजमापाचा पायाच बदलला. केवळ 'संसर्ग टळला का' असे न विचारता 'मूल जिवंत आहे व विषाणुमुक्तही आहे का' असे विचारले जाऊ लागले. या बदलाचे महत्त्व कोणत्याही एका औषधाच्या शोधापेक्षा कमी नाही.

याच भूमिकेतून इथिओपिया, युगांडा व भारत या तीन देशांत एक संयुक्त प्रयोग झाला; भारतातील केंद्र पुणे होते. स्तन्य चालूच ठेवावयाचे, औषध मात्र लांबवावयाचे, ही त्यातील कल्पना. एका गटातील बालकांना नेव्हिरापिनची जन्मवेळची एकच मात्रा, तर दुसऱ्यातील बालकांना त्याशिवाय आठव्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत रोज एक मात्रा देण्यात आली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहाव्या आठवड्यात पहिल्या गटातील ९८६ पैकी ५४ व दुसऱ्या गटातील ९०१ पैकी २५ बालके बाधित आढळली. हे अंतर स्पष्ट होते. सहाव्या महिन्यात मात्र हे आकडे ८७ व ६२ असे झाले, आणि आता हे अंतर संख्याशास्त्राच्या कसोटीवर योगायोगापासून वेगळे करता येईना. घाईचा वाचक यास अपयश म्हणेल. वस्तुतः औषध बेचाळिसाव्या दिवशी थांबले व दूध चालू राहिले. संरक्षण औषधाइतकेच टिकले. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती, मुदत अपुरी होती. पुढे अधिक मुदतीच्या प्रयोगांनी या अर्थास पुष्टी दिली. पुण्यातील बालकांच्या पुढील अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघाली : दीर्घ मात्रा घेऊनही जी बाधित झाली, त्यांच्यातील विषाणूंत नेव्हिरापिनला न जुमानण्याचा गुण अधिक प्रमाणात आढळला. अशा मुलांच्या उपचारास दुसरी औषधे लागतात.

यथावकाश बालकास औषध देण्यापेक्षा मातेलाच पूर्ण उपचार देणे श्रेयस्कर, हे मान्य झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये औषधांच्या छत्राखाली बारा महिने, व २०१६ मध्ये चोवीस महिने अथवा अधिक काळ स्तन्यपानास संमती दिली. भारत व आफ्रिकेतील केंद्रांत झालेल्या नंतरच्या एका मोठ्या प्रयोगात, ज्यात पुणेही होते, स्तन्यपान करणाऱ्या बालकांतील संसर्ग बारा महिन्यांअखेर शेकडा एकाहूनही कमी राहिला. भारतात शासकीय केंद्रांतून विनामूल्य उपचार एप्रिल २००४ पासून, आरंभी महाराष्ट्रासह सहा राज्यांत व दिल्लीत, सुरू झाला होता. पुढे प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीस आजन्म उपचार हे धोरण स्वीकारले गेले.

जे मूल तरीही बाधित होते, त्याचा विचार वेगळा. मातेची प्रतिद्रव्ये अठरा महिन्यांपर्यंत बालकाच्या रक्तात राहू शकत असल्याने नेहमीची चाचणी त्या वयात निरुपयोगी ठरते. विषाणूचे जनुकद्रव्य शोधणारी चाचणी सहाव्या आठवड्यात करावी लागते. ही दिरंगाई किती महाग पडते, हे दक्षिण आफ्रिकेतील २००८ च्या प्रयोगाने दाखविले : निदान होताच औषध सुरू केलेल्या तान्ह्या बालकांत मृत्यू शेकडा ४, लक्षणे दिसण्याची वाट पाहिलेल्यांत १६. पोषणाचा हिशेबही निराळा. लक्षणे नसलेल्या बाधित मुलास सुमारे शेकडा १० अधिक ऊर्जा लागते. वजन घटू लागल्यास ही गरज शेकडा ५० ते १०० ने वाढते. भाताची पेज व वरणावरचे पाणी यांवर ती भागत नाही. नाचणीचे सत्त्व, मऊ भातात तूप किंवा तेल, कुस्करलेली डाळ, अंडे असे घट्ट व स्निग्ध अन्न दिवसातून अनेकदा द्यावे लागते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलेले मूल अंगणवाडीच्या पट्टीवर तीव्र कुपोषित म्हणून नोंदले जाते. परंतु पट्टी कारण सांगत नाही. उपासमार, क्षय आणि हा विषाणू यांची खूण दंडावर सारखीच उमटते. अशा मुलाची केवळ आहाराने भरपाई करू पाहणे व विषाणूची चाचणी पुढे ढकलणे हे अनेक ठिकाणी घडते, आणि तेवढ्यात महत्त्वाचे आठवडे निघून जातात.

मावळासारख्या भागात आता उरलेली अडचण औषधाच्या अभावाची नसून अखंडतेची आहे. पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते. तिचे उपचारकेंद्र सासरकडचे. दोन-तीन महिन्यांच्या या मुक्कामात, जेव्हा बालक पूर्णपणे तिच्या दुधावर असते, तेव्हाच गोळ्या संपतात, आणि माहेरच्या केंद्रात नाव काढावे तर गावात बोभाटा होण्याचे भय. एच.आय.व्ही. प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये संमत होऊन सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आहे व त्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क मानला आहे. सासर व माहेर या दोन केंद्रांमधील हस्तांतर किती दिवसांत होते, आणि त्या दिवसांत मातेच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण कितपत वाढते, हे मोजणे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे.