फिलरनंतर डोळ्यांखाली वळी दिसल्यास

डोळ्यांखालची खोलगट रेघ भरण्यासाठी बहुधा हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल, म्हणजेच फिलर, टोचतात. तिथली त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, त्यामुळे जेल थोडं जास्त झालं किंवा वरच्या थरात राहिलं, तरी फुगीर कडा उठते आणि तिच्या खाली नवी वळी दिसू लागते. कधी त्या जागी निळसर झाकही येते. ती साकळलेल्या रक्ताची नसून जेलमधून विखुरणाऱ्या प्रकाशाची असू शकते.

पहिले दोन आठवडे सूज असते, तेव्हा घाईने आणखी जेल भरून घेऊ नये. वळी बुजवायला पुन्हा फिलर, हा मला सर्वांत चुकीचा उपाय वाटतो. त्याने फुगवटा वाढतो. जेल विरघळवणारं हायल्युरॉनिडेज नावाचं विकर असतं. ते थोडं थोडं टोचून जेल कमी करता येतं. परिणाम बहुधा एक-दोन दिवसांत दिसतो. मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असेल तर हे विकर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. कॅल्शियमयुक्त फिलर मात्र या विकराने विरघळत नाही. म्हणून टोचलेल्या उत्पादनाचं नाव लिहून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

प्रत्येक वळी जेलमुळेच येते असं मात्र नाही: हसताना पडणाऱ्या बारीक सुरकुत्या स्नायूंमुळे असतात आणि सैल त्वचेला कधी लेझर, कधी शस्त्रक्रिया लागते.

टोचल्यावर तीव्र वेदना, त्वचा पांढरी किंवा जाळीदार जांभळी पडणं, दृष्टी अंधूक होणं, यांपैकी काहीही जाणवलं तर रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.