प्रकाशन एका ओळीत

गेल्या भागात आपलं सरावाचं वेब अ‍ॅप्लिकेशन स्वतःच्या संगणकावर चालू झालं. ठिकाण निवडलं की सिंहस्थातल्या शाहीस्नानांच्या तारखा दाखवणारं ते एक छोटं पान आहे. २०१५ साली २९ ऑगस्ट आणि १३ सप्टेंबरची स्नानं नाशिक-त्र्यंबक दोन्हीकडे एकाच दिवशी होती. तिसरं मात्र वैष्णव आखाड्यांचं रामकुंडावर १८ सप्टेंबरला झालं आणि शैव व उदासीन आखाड्यांचं कुशावर्तावर २५ ला. अशा माहितीत ऐन पर्वकाळात दुरुस्ती करावी लागली, तर ती करणारा माणूस नेहमीचाच असेल असं नाही.

मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये काम करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून इथे कुंभमेळ्यासाठी तंत्रज्ञान घडवणारी कुंभथॉनची शिबिरं भरली. त्यातले काही प्रयोग पुढच्या वर्षी प्रत्यक्ष मेळ्यात उतरले. प्रयोग शिबिरात चालणं वेगळं आणि लोकांच्या मोबाइलवर पोचणं वेगळं. या दोहोंमधलं पाऊल म्हणजे प्रकाशन, आणि कोड लिहिण्याइतकंच ते शिकवलं गेलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

व्हिज्युअल स्टुडिओत ‘पब्लिश’ची खिडकी उघडून हे काम होतं. आपण तिथे जे जे निवडतो ते ‘पब्लिश प्रोफाइल’ नावाच्या फाइलमध्ये साठतं. ही फाइल प्रकल्पातच राहते, त्यामुळे तोच निर्णय कमांड लाइनवरूनही अमलात आणता येतो. ओळ अशी (टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत):

एमएसबिल्ड कुंभ.सीएसप्रोज /पी:डिप्लॉयऑनबिल्ड=ट्रू /पी:पब्लिशप्रोफाइल=चाचणी /पी:कॉन्फिगरेशन=रिलीज

‘/पी’ म्हणजे प्रॉपर्टी. प्रकल्पाच्या फाइलमध्ये त्याच नावाची दुसरी किंमत लिहिलेली असली, तरी कमांड लाइनवर दिलेली किंमत वरचढ ठरते. पहिली प्रॉपर्टी विसरलात, तर फक्त बिल्ड होतं. सर्व्हरवर काहीच जात नाही, तरीही पडद्यावर ‘बिल्ड सक्सीडेड’ झळकतं. नावातलं एखादं अक्षर चुकलं तरी तेच, कारण अनोळखी प्रॉपर्टीबद्दल एमएसबिल्ड तक्रार करत नाही. म्हणून ओळ चालवल्यावर पान ब्राउझरमध्ये उघडून बघायचंच.

तिसऱ्या प्रॉपर्टीवर जरा थांबू. खिडकीतून प्रकाशित करताना शेवटचं कॉन्फिगरेशन प्रोफाइलमध्ये नोंदलेलं असतं, पण ती नोंद फक्त व्हिज्युअल स्टुडिओ वाचतो. कमांड लाइनवर ते सांगितलं नाही, तर बहुतेक प्रकल्पांत डीबग धरलं जातं. मग वेब.कॉन्फिगमधलं डीबग=ट्रू तसंच सर्व्हरवर जातं. एएसपी.नेटमध्ये याचा अर्थ असा, की संथ विनंत्या तोडणारी वेळेची मर्यादा लागू होत नाही आणि कोडही पुरेसा वेगवान बनत नाही. एरवी हे जाणवणार नाही. हजारो लोक एकदम पान उघडतील त्या दिवशी जाणवेल. रिलीज दिलं की वेब.रिलीज.कॉन्फिगमधले बदल लागू होतात आणि नेहमीच्या साच्यात ते डीबगची खूण काढून टाकतात. नव्या ‘डॉटनेट पब्लिश’मध्ये, डॉटनेट ८ किंवा पुढच्या आवृत्तीसाठीच्या प्रकल्पांना, रिलीज आपोआप मिळतं. तरीही मी ते लिहितोच. ओळ वाचणाऱ्याला काय घडणार ते दिसलं पाहिजे.

मग ‘ठिकाण=त्र्यंबक’ अशी प्रॉपर्टी करून दोन बिल्ड काढावेत का? नको. तारखा ही माहिती आहे, ती डेटाबेसमध्ये राहू दे. चाचणीचा सर्व्हर की खरा, डीबग की रिलीज, एवढंच या ओळीत ठरावं.

सर्व्हरच्या पासवर्डचा प्रश्न उरतो. तो प्रोफाइलमध्ये नसतो. तो तुमच्या खात्यापुरत्या वेगळ्या फाइलमध्ये कूटबद्ध असतो, म्हणून सहकाऱ्याच्या संगणकावर तो ‘/पी:पासवर्ड’ने द्यावा लागतो. तो थेट टाइप केला तर कमांडच्या इतिहासात उरू शकतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवून ओळीत फक्त त्याचं नाव घ्या. हे व्हेरिएबल बिल्ड सर्व्हरवर कसं ठेवायचं, ते पुढच्या आठवड्यात.